फ्लूक १५०७ मेगर: महाग आहे, पण डायलवरच्या पाचही व्होल्टेजला काम आहे

मल्टीमीटर लावला, ओएल (रेझिस्टन्स मोजण्यापलीकडे) दाखवतंय, म्हणजे वायर ओके, असं म्हणून साइट सोडणारे वायरमन आपल्याकडे अजून भरपूर आहेत, आणि फ्लूक १५०७ या मेगरचा, म्हणजे जास्त व्होल्टेज टाकून वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचा, हा रिव्ह्यू मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांना काम देणाऱ्या घरमालकांसाठी लिहितोय. मल्टीमीटर ओहम मोजताना आतल्या बॅटरीवर चालतो, वायरवर जेमतेम दोन-चार व्होल्ट टाकतो. तेवढ्या व्होल्टेजला ओल धरलेलं, उंदराने कुरतडलेलं, उन्हाने तडकलेलं इन्सुलेशन पण चांगलंच दिसतं, कारण त्याच्यावर जोरच आलेला नसतो. त्याच वायरवर घरातला सप्लाय चालू केला की २३० व्होल्ट येतात, ते सुद्धा आरएमएस म्हणजे सरासरीसारखा आकडा, लाटेचं टोक ३२५ च्या आसपास जातं. मग जिथे कमजोर आहे तिथून करंट वाट काढतो. पाइपलाइन टाकल्यावर प्लंबर जसं प्रेशर देऊन लीकेज बघतो तसंच मेगर वायरवर व्होल्टेजचा जोर टाकून बघतो, पाण्याच्या दोन थेंबांनी पाइपची परीक्षा होत नाही.

मी इचलकरंजी भागात कॉन्ट्रॅक्टिंग करतो. लूमचे शेड, नदीकाठच्या शेतीच्या मोटारी, बंगल्यांचं वायरिंग आणि अलीकडे छतावरचं सोलर, असं सगळंच काम असतं. आधी माझ्याकडे हाताने फिरवायचा जुना ५०० व्होल्टचा मेगर होता, आयटीआयमध्ये शिकवतात तोच, मिनिटाला १६० च्या आसपास फेऱ्या मारायच्या आणि काटा स्थिर झाला की वाचायचं. तो मेगर वाईट नाही, अजून जपून ठेवलाय, पण एकाच व्होल्टेजचा आहे आणि माझं काम आता एकाच व्होल्टेजचं राहिलेलं नाही. २४ व्होल्टच्या सेन्सरपासून सोलर पॅनलच्या डीसी स्ट्रिंगपर्यंत (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या माळेपर्यंत) सगळं हाताखालून जातं, म्हणून २०२१ च्या पुरानंतर हा घेतला.

आधी मीटरची माहिती थोडक्यात. पाच टेस्ट व्होल्टेज मिळतात, ५०, १००, २५०, ५०० आणि १०००, सगळी डीसी. इन्सुलेशन ०.०१ मेगओहमपासून (१ मेग म्हणजे दहा लाख ओहम) १० गिगओहमपर्यंत (१ गिगा म्हणजे हजार मेग) मोजतो, पण हा १० गिगाचा आकडा फक्त १००० च्या रेंजवर खरा आहे, खालच्या रेंजवर वरची मर्यादा कमी होत जाते, ५०० वर ५०० मेगापर्यंतच. घरकामाला तेवढं खूप झालं. एसी-डीसी व्होल्टेज ६०० पर्यंत मोजतो, लो ओहम आहे म्हणजे अर्थची कंटिन्युटी (वायर सलग आहे का ते) बघता येते. चार पेन्सिल सेलवर चालतो. सोबत एक रिमोट प्रोब येतो ज्याच्यावरच टेस्टचं बटण आहे, आणि हे बटण ही माझ्या दृष्टीने या मीटरमधली सगळ्यात कामाची गोष्ट. एका हाताने प्रोब धरून दुसऱ्या हाताने मीटर दाबायला जायचं, त्यात नजर डीबीवरून (एमसीबी बसवलेल्या डिस्ट्रिब्युशन बॉक्सवरून) हटते, प्रोब सटकतो. इथे क्रोकोडाइल क्लिप अर्थला लावली, दुसरा प्रोब हातात, बोट बटणावर आणि नजर कामावर.

दुसरी गोष्ट लाइव्ह सर्किट. टेस्ट करायच्या वायरवर ३० व्होल्टपेक्षा जास्त आधीच असेल तर हा मीटर टेस्ट सुरूच करत नाही, इशारा देतो. आणि टेस्ट संपली की वायरमध्ये साठलेला चार्ज स्वतः उतरवतो आणि स्क्रीनवर व्होल्टेज खाली येताना दिसतं. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) मिलपर्यंत टाकलेल्या लांब आर्मर्ड केबलला १००० व्होल्ट दिले की ती केबल कपॅसिटरसारखी भरते, बटण सोडल्याबरोबर हात लावला तर चांगलाच झटका बसतो. जुन्या मेगरवर आम्ही नंतर वायरचा तुकडा लावून डिस्चार्ज करायचो. ती सवय अजून सोडलेली नाही आणि तुम्ही पण सोडू नका, पण मीटर स्वतः करतोय हे बरंच आहे.

आता रेंजकडे येतो, कारण खरा प्रश्न सगळे हाच विचारतात की पाच-पाच व्होल्टेज कशाला, ५०० वर सगळं भागत नाही का.

नाही भागत. ५० आणि १०० च्या रेंज मला सुरुवातीला शोभेच्या वाटल्या होत्या पण शटललेस लूम वाढल्यापासून त्यांनाच जास्त हात लागतो. रेपियर, एअरजेट या मशिनींमध्ये २४ व्होल्ट डीसीचे सेन्सर आणि कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट) असतात, त्यांची बारीक वायर मशीनच्या पोटातून, तेलातून, कापसाच्या तंतूंच्या कचऱ्यातून जाते. मशीन मधेच थांबतंय, एरर येतोय, कार्ड बदलून झालं तरी येतोय, अशा वेळी वायर दोन्ही टोकांना कार्डापासून सोडवायची आणि ५० वर तपासायची. तिथे ५०० टाकले आणि एखादं टोक चुकून कार्डला राहिलं तर कार्ड गेलं, आणि अशी कार्डं स्वस्त नसतात. फायर अलार्मच्या लूपला पण हेच. कमी व्होल्टेजची वायर म्हणून तिचं इन्सुलेशन दुर्लक्षित राहतं, पण तिथला बिघाड शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

२५० ची रेंज दोन ठिकाणी लागते. एक, एक्स्ट्रा लो व्होल्टेजची सर्किट, म्हणजे सेफ्टी ट्रान्सफॉर्मरवरून चालणारी १२ किंवा २४ व्होल्टची. वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे, आयईसी ६०३६४ प्रमाणे, अशा सर्किटला २५० डीसीने टेस्ट करून किमान ०.५ मेगओहम यायला पाहिजे. बंगल्याच्या पुढे कारंजं करून त्यात दिवे टाकायची फॅशन आलीय, त्यांचं सांगतो. पाण्याच्या आत बसणाऱ्या दिव्याला १२ व्होल्ट एसीच्या वर जायचं नाही, कारण भिजलेल्या अंगाचा रेझिस्टन्स खूप खाली येतो. कोरड्या हाताला साधारण हजार ओहम धरले तरी २३० व्होल्टला २३० मिलीअँपिअर होतात, आणि हृदयाचा ठोका बिघडवायला याच्यापेक्षा कितीतरी कमी करंट पुरतो. म्हणून १२ व्होल्ट. पण ते १२ व्होल्ट तेव्हाच १२ राहतात जेव्हा ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (२३० ची बाजू) आणि सेकंडरी (१२ ची बाजू) एकमेकांपासून पक्की वेगळी असते. मी अशा ठिकाणी सेकंडरी ते अर्थ तर बघतोच पण प्रायमरी ते सेकंडरी सुद्धा ५०० वर बघतो. दिवा १२ चा आहे म्हणून निर्धास्त राहिलात आणि मागे स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर आतून ओला झालेला असेल, तर पाण्यात २३० येतात.

दुसरं ठिकाण सर्ज प्रोटेक्टर. आजकाल डीबीमध्ये एसपीडी, म्हणजे हाच सर्ज प्रोटेक्टर, बसवतात, चांगली गोष्ट आहे, विजांच्या भागात बसवलाच पाहिजे. पण त्याच्या आत जो व्हॅरिस्टर असतो तो २७५ एसीचा असेल तर साधारण ४३० डीसीला करंट वाहू द्यायला लागतो, तेच त्याचं काम आहे. तुम्ही ५०० चा मेगर दिला की तो वाहतो आणि रीडिंग एकदम खाली दिसतं. मग वायरमन सांगतो की वायरिंगला अर्थ लागलाय, सगळं उकरा. उकरायचं काही नसतं. एसपीडी काढून टेस्ट करा, काढता येत नसेल तर २५० वर करा, स्टँडर्डमध्ये तशी मुभा दिलेली आहे आणि तरी किमान १ मेगओहम आलं पाहिजे. एक लक्षात ठेवा, या मीटरचं आउटपुट लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी येत नाही पण २० टक्क्यांपर्यंत जास्त येऊ शकतं, म्हणजे २५० वर ३०० सुद्धा जातील. नाजूक गोष्टीला लावताना हा हिशोब धरायचा.

५०० ही रोजची रेंज. २३० आणि ४१५ व्होल्टची सगळी घरं, दुकानं, मोटारी याच्यात येतात आणि किमान १ मेगओहम हवं असतं. जुन्या पद्धतीत ५० भागिले पॉइंटची संख्या असा हिशोब होता आणि सगळ्या घराला १ मेगच्या वर मागायचं नाही असं होतं. आता नव्या वायरिंगला १ मेग आलं की मी खूश होत नाही. नवी पीव्हीसी वायर, कोरडं घर असेल तर शंभराच्या वर यायला पाहिजे, स्क्रीनवर ५०० च्या पुढचं चिन्ह यायला पाहिजे. नव्या घरात ३ मेग आले तर नियमात बसतं पण कुठेतरी भिंतीत खिळा लागलाय किंवा बॉक्समध्ये सिमेंटचं पाणी गेलंय, आणि ते प्लास्टरवर रंग लागायच्या आधी शोधलेलं बरं.

इथे आरसीसीबीबद्दल (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचबद्दल) जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त फोन याच कामाचे असतात. आरसीसीबी सारखी पडते, पावसाळ्यात तर उभीच राहत नाही, काढून डायरेक्ट करून द्या. कृपा करून डायरेक्ट करू नका, आणि जो करून देतो त्याला परत बोलावू नका. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी नियमाप्रमाणे १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकते. २३० भागिले ३० मिली म्हणजे साधारण ७.७ किलोओहम, म्हणजे मेगओहममध्ये मोजायचं इन्सुलेशन किलोओहमवर आलं तेव्हा ती पडतेय, उगाच नाही पडत. बरं, लोक काय करतात, एकेक एमसीबी खाली टाकून बघतात आणि सगळ्या एमसीबी बंद केल्या तरी आरसीसीबी पडते, मग म्हणतात आरसीसीबीच खराब. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. बिघाड न्यूट्रल आणि अर्थमध्ये असेल, कुठल्या तरी बाथरूमच्या बॉक्समध्ये न्यूट्रलचा जोड भिंतीच्या ओलीला टेकला असेल, तर एमसीबी टाकून काहीही कळणार नाही. मेन बंद करायचा, सप्लाय नाही याची खात्री करायची, न्यूट्रल लिंकवरून एकेक न्यूट्रल सोडवायचा आणि ५०० वर अर्थशी मोजायचा. नऊ न्यूट्रल ३०० मेग दाखवतात आणि दहावा ०.०१ दाखवतो, झालं, सापडला. या कामात या मीटरचा कंपेअर मोड फार उपयोगी, हद्द १ मेगवर लावून ठेवायची, पास झालं की खूण दिसते, आकडा वाचत बसावं लागत नाही.

टेस्टच्या आधी सगळ्या प्लगमधल्या वस्तू काढायच्या, एलईडी ड्रायव्हर, डिमर, रेग्युलेटर, इन्व्हर्टर सोडवायचे. सगळं सोडवणं शक्य नसेल तर फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून दोघं मिळून अर्थशी मोजायचे, म्हणजे वस्तूच्या आरपार ५०० व्होल्ट पडत नाहीत. फेज-न्यूट्रलमध्ये मेगर लावून घरातले निम्मे बल्ब घालवल्याच्या गोष्टी याच्यामुळेच होतात.

आता मोटारी. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठच्या लोकांना पूर काय करतो हे सांगायला नको, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोळ तालुक्यात मोटारी, स्टार्टर, मीटरच्या पेट्या सगळं पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर शेतकऱ्याला घाई असते, ऊस उभा आहे, मोटर चालू करा. वरून कोरडी दिसते, फिरते पण छान, पण वाइंडिंगच्या स्लॉटमध्ये गाळाचं पाणी बसलेलं असतं. चालू केली की बॉडी येते (मोटारीच्या लोखंडी अंगावर करंट येतो) किंवा वाइंडिंग जळते, आणि मग मोटर भरून आणायचा खर्च. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे बॉडी आलेली मोटर, अर्थिंग नाही, ओला काठ आणि अनवाणी पाय. यात माणसं गेलेली आहेत आणि दरवर्षी जातात.

धुऊन, भट्टीत किंवा हीटर लावून सुकवताना दर दोन-तीन तासांनी ५०० वर रीडिंग लिहून ठेवायचं. एक गोष्ट बघून पोरं घाबरतात ती म्हणजे सुकवायला सुरुवात केली की रीडिंग आधी खाली येतं. ते बरोबर आहे. तापमान वाढलं की इन्सुलेशनचा रेझिस्टन्स उतरतो, ढोबळ हिशोब दर १० अंशाला निम्मा. मग ओल बाहेर पडायला लागली की हळूहळू चढतं आणि शेवटी एका जागी थांबतं. थांबलं म्हणजे सुकली. गार झाल्यावर परत घ्यायचं. १००० व्होल्टच्या खालच्या साध्या वाइंडिंगला आयईईई ४३ या मोटारींच्या इन्सुलेशनच्या स्टँडर्डमध्ये ४० अंशाला किमान ५ मेग सांगितलंय, मी शेतीच्या मोटारीला त्याच्या बरंच वर गेल्याशिवाय जोडत नाही कारण ती परत ओलीतच बसणार आहे. सबमर्सिबलचं वेगळं, पाण्याने भरलेल्या मोटारीची वाइंडिंग वायरच प्लास्टिकने झाकलेली असते आणि ती पाण्यातच राहते, तिला विहिरीत असतानाच केबलच्या टोकावरून मोजायची आणि मागच्या वेळच्या आकड्याशी ताडून बघायची. मागच्या हंगामात ८० होते, आता ६ आहेत, तर नियमात बसलं तरी उन्हाळ्याच्या आधी वर काढा, एप्रिलमध्ये बंद पडली तर पीक जाईल.

पीआय आणि डीएआर, म्हणजे इन्सुलेशनची तब्येत सांगणारे दोन भागाकार, या मीटरमध्ये आपोआप निघतात. डीएआर म्हणजे ६० सेकंदाचं रीडिंग भागिले ३० सेकंदाचं, पीआय म्हणजे १० मिनिटांचं भागिले १ मिनिटाचं. एक-दोन एचपीच्या लूम मोटारीला पीआय घेत बसण्यात अर्थ नाही, तिचा करंट लगेच स्थिर होतो, डीएआर पुरे. साइझिंगच्या (सुताला खळ देणाऱ्या), कापड प्रोसेसच्या मोठ्या मोटारींना पीआय बघा, २ च्या वर हवा. दहा मिनिटं बटण दाबून उभं राहावं लागत नाही, मीटर स्वतःच वेळ मोजतो. साध्या टेस्टला पण लॉक आहे.

१००० ची रेंज मी १.१ केव्हीच्या (११०० व्होल्टच्या) आर्मर्ड केबलला वापरतो. नवीन केबल जमिनीत पुरायच्या आधी एकदा आणि पुरून झाल्यावर पण दोन्ही टोकं जोडायच्या आधी एकदा. दोन रीडिंगमध्ये फरक आला तर जेसीबीने किंवा दगडाने कुठेतरी जखम केलीय. घराच्या वायरवर जे ११०० व्होल्ट छापलेलं असायचं त्यावरून बरेच जण विचारतात की मग घराला पण १००० का नको. आयएस ६९४ या आपल्या वायरच्या स्टँडर्डच्या १९९० च्या आवृत्तीत ११०० होतं, २०१० च्या आवृत्तीत ४५०/७५० असं आलं. वायर सहन करेल, पण तुम्ही फक्त वायर तपासत नाही, तिला जोडलेले स्विच, सॉकेट, होल्डर सगळं एकत्र तपासताय. घराला ५०० च.

सोलरबद्दल सावकाश वाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, त्यानंतर आमच्याकडे पण छतं भरायला लागली. लोकांना वाटतं पॅनल म्हणजे बॅटरीसारखं काहीतरी कमी व्होल्टेजचं. साडेपाचशे वॅटचं एक पॅनल उघड्यावर ५० व्होल्टच्या जवळपास देतं, सहा पॅनल सिरीजमध्ये जोडली की ३०० डीसी, मोठ्या सिस्टीमला १००० पर्यंत. आणि ते बंद करता येत नाही. मेन पाडा, इन्व्हर्टर बंद करा, ऊन आहे तोवर छतावरच्या वायरमध्ये व्होल्टेज आहेच. शिवाय डीसी. आपल्या ५० हर्ट्झच्या एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे सुटलेल्या जोडातली ठिणगी विझायला संधी मिळते, डीसीमध्ये ती संधीच नाही, ठिणगी पेटत राहते आणि कनेक्टर वितळतो. म्हणून पॅनलच्या डीसी वायरला छतावर पत्र्याच्या धारेवर घासू देणं, साध्या एसी एमसीबीने डीसी तोडणं, वेगवेगळ्या कंपनीचे कनेक्टर एकमेकांत घुसवणं, यातलं एकही चालवून घेऊ नका.

सोलरच्या स्टँडर्डप्रमाणे, आयईसी ६२४४६ प्रमाणे, सिस्टीमचं व्होल्टेज १२० च्या खाली असेल तर २५० ने, ५०० पर्यंत असेल तर ५०० ने आणि त्याच्या वर १००० पर्यंत असेल तर १००० ने टेस्ट करायची. रेंज या मीटरमध्ये आहेत, पण नुसतं तेवढ्यावर जाऊ नका. पहिलं, उन्हात जोडलेल्या स्ट्रिंगवर स्वतःचंच व्होल्टेज असतं, हा मीटर ३० च्या वर दिसलं की थांबतो. दुसरं, आणि हे जिवाचं आहे, या मीटरला बाहेरून जास्तीत जास्त ६०० व्होल्ट चालतात. ८०० व्होल्टच्या स्ट्रिंगला हा लावायचाच नाही, नुसतं व्होल्टेज मोजायला सुद्धा नाही. मी याच्यावर काय करतो तर पॅनल जोडायच्या आधी फक्त डीसी केबल आणि कंड्युट तपासून घेतो. जोडलेल्या स्ट्रिंगसाठी खास पीव्हीचा (सोलर पॅनलचा) टेस्टर मिळतो, ज्यांचं मुख्य काम सोलर आहे त्यांनी हा १५०७ घेऊ नये, तोच घ्यावा.

११ केव्हीला (११,००० व्होल्टच्या लाइनला) हा मीटर नाही. डीपीच्या एचटी (हाय टेन्शन) वाइंडिंगला २५०० किंवा ५००० व्होल्टचा मेगर लागतो, आणि ते काम तुमचं-माझं नाही, परमिट घेऊन, लाइन अर्थ करून करायचं काम आहे. गावातला कोणी म्हणाला की फ्यूज टाकायला डीपीवर चढ, तर चढू नका. ११ केव्हीची तार उघडी असते, तिचं इन्सुलेशन म्हणजे मधली हवा. म्हणून अंतराचे नियम आहेत, इमारतीपासून आडवं किमान १.२ मीटर, छतापासून उभं ३.७ मीटर. रस्ता सोडून शेतातून जाणारी उघडी ११ केव्हीची तार जमिनीपासून ४.६ मीटरवर असली तरी नियमात बसते, आणि तुषार सिंचनाचा एक पाइप ६ मीटरचा असतो. पाइपमध्ये अडकलेला उंदीर किंवा गाळ काढायला तो उभा केला की काय होईल हे मी वेगळं सांगत नाही, पण तुमच्या शेतात काम करणाऱ्या गड्यांना, मजूर बायकांना हे दोन आकडे सांगा.

हातमोज्यांबद्दल पण लोक विचारतात म्हणून इथेच. दुकानात नुसतं शॉकप्रूफ म्हणून रबरी मोजे देतात, ते घेऊ नका, क्लास विचारा. क्लास ०० म्हणजे ५०० व्होल्टपर्यंत, क्लास ० म्हणजे १००० पर्यंत आणि त्याची टेस्ट ५००० ला झालेली असते, लाल लेबल. ११ केव्हीच्या माणसांना क्लास २ लागतो, पिवळं लेबल, १७,००० पर्यंत. रबरावर चामड्याचे मोजे घालायचे, नाहीतर पहिल्याच दिवशी तारेच्या टोकाने भोक पडतं. वापरायच्या आधी मनगटाकडून गुंडाळत जाऊन हवा कोंडायची आणि फुस्स आवाज येतो का बघायचं. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड घेताना दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट बघायचं, अशी हत्यारं १०,००० ला तपासलेली असतात. साध्या पकडीला वरून प्लास्टिकचं कव्हर घातलं म्हणजे ती इन्सुलेटेड होत नाही.

मीटरवर जे कॅट (कॅटेगरी, मीटर कुठपर्यंत सुरक्षित आहे ते) लिहिलेलं असतं ते पण बघत चला. हा कॅट ४, ६०० व्होल्ट आहे, म्हणजे सर्व्हिस वायर, मीटरची पेटी इथपर्यंत चालतो आणि ८००० व्होल्टचा क्षणिक झटका सोसेल अशी त्याची परीक्षा झालेली असते. घरातल्या सॉकेटला कॅट २ चालतो, डीबीला कॅट ३. रस्त्यावर मिळणाऱ्या मल्टीमीटरवर १००० व्होल्ट छापलेलं असतं पण कॅट लिहिलेलंच नसतं, तो डीपीखालच्या पेटीत लावला आणि त्याच क्षणी लाइनवर सर्ज आला तर तो हातात फुटतो.

न आवडलेलं काय? किंमत, साध्या डिजिटल मेगरच्या कितीतरी पट आहे, नवीन वायरमनने कर्ज काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. ज्याचं काम फक्त घरांचं आहे त्याला २५०-५००-१००० चा चांगल्या कंपनीचा साधा मीटर पुरतो, रिमोट प्रोब नसेल एवढंच. दुसरं, आयपी ४० आहे, म्हणजे पाण्यापासून काही संरक्षण नाही, आणि आमचं निम्मं काम जून ते सप्टेंबर नदीकाठी, त्यामुळे प्लास्टिकच्या पिशवीत, छत्रीखाली सांभाळून वापरावा लागतो. लूमच्या शेडमधून आणल्यावर जॅकमधला (प्रोब लावायच्या भोकांतला) कापसाचा कचरा ब्रशने काढायचा, ओलसर कचरा प्रोबच्या टोकांमध्ये राहिला तर मीटर त्याचंच इन्सुलेशन मोजतो. म्हणून आधी प्रोब हवेत उघडे ठेवून एकदा बटण दाबायचं, पूर्ण रेंज दिसली पाहिजे, मग दोन्ही टेकवून शून्य दिसलं पाहिजे, आणि मगच काम सुरू.

मिलवाले ऑडिटला कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट मागतात, दरवर्षी एनएबीएल (सरकारमान्य) लॅबमधून करून घ्या, त्याचा खर्च खरेदीच्या वेळीच धरा. आणि १००० च्या वरच्या स्ट्रिंगसाठी पीव्ही टेस्टर कोणी रोज वापरत असेल तर कुठला वापरताय आणि उन्हात रीडिंग स्थिर येतंय का ते सांगा, पुढची खरेदी तीच करायचीय.